खोल बर्फासाठी आणि बॅककंट्रीसाठी स्नोबोर्ड कसा निवडावा: गुलमर्ग डोळ्यांसमोर ठेवून

गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या खांद्यावर उतरलात की तुम्ही साधारण ३,९५० मीटर उंचीवर असता. समोरच्या उतारावर यंत्राने दाबून गुळगुळीत केलेली पट्टी नसते. वाऱ्याने घासलेला कडक माथा, त्याखाली मांडीपर्यंतचा भुसभुशीत बर्फ, पुढे आदल्या दिवशीच्या लोकांनी नांगरून ठेवलेले चर, मग देवदारासारख्या उंच सूचिपर्णी झाडांचं जंगल आणि शेवटी गुलमर्गचं सपाट मैदान. एकाच फेरीत हे सगळं येतं.

म्हणून बोर्ड घेताना पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. वर्षातला सर्वांत खोल बर्फाचा दिवस धरून बोर्ड निवडू नका. एका फेरीत पायाखालून जो जो बर्फ जाणार आहे, त्या सगळ्याचा विचार करून निवडा. खोल बर्फात जवळपास कुठलाही रुंद, पुढे उचललेला बोर्ड मजा देतो. कसोटी लागते ती वरच्या कडक भागात आणि खालच्या खडबडीत भागात. दुकानातल्या आणि इंटरनेटवरच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये हा भाग गाळलेला असतो, म्हणून तो इथे आधी सांगितला.

बोर्ड बर्फावर राहतो कसा

थोडं गणित करू. कपडे, बूट आणि सॅक धरून ८५ किलो भरणारा माणूस १६० सेंटिमीटरच्या बोर्डवर उभा आहे. अशा बोर्डचं क्षेत्रफळ अंदाजे ४,३०० ते ४,४०० चौरस सेंटिमीटर असतं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २० ग्रॅम भार. हाच माणूस बोर्ड काढून एका पायावर उभा राहिला तर बुटाच्या तळव्याखाली भार दहा पटींहून जास्त होतो. ताज्या बर्फात बोर्ड सोडला की माणूस कमरेपर्यंत का रुततो, ते यावरून कळेल. पडलात तर बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणारी पकड, घाईने उघडू नका, हेही यातूनच निघतं.

पण नुसत्या क्षेत्रफळाने काम भागत नाही. वेग घेतला की यांत्रिक होडीचं नाक पाण्याबाहेर उचललं जातं, तसा बोर्ड उताराला लागल्यावर पुढून वर येतो आणि बर्फावर चढतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पुढचं टोक म्हणजे नोज रुंद आणि लांबवर वळलेलं हवं, आणि तुमचं वजन मध्यापेक्षा थोडं मागे हवं. साध्या, दोन्ही बाजूंनी सारख्या बोर्डवर हे मागे झुकणं तुमच्या मागच्या मांडीला करावं लागतं आणि दुपारपर्यंत ती मांडी पेटलेली असते. पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, बनवलेला बोर्ड तेच काम आकारातून करतो. पावडर बोर्डची सगळी वैशिष्ट्यं या एका कारणातून आलेली आहेत. हे लक्षात ठेवलंत तर कंपन्यांच्या जाहिरातीतले भारदस्त शब्द आपोआप सोपे होतात.

स्नोबोर्डची सुरुवातही खोल बर्फातूनच झाली आहे. शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये मिशिगनमध्ये दोन स्की जोडून जे खेळणं बनवलं, त्याला धातूच्या कडा नव्हत्या. सत्तरच्या दशकात यूटामध्ये दिमित्री मिलोविच यांच्या विंटरस्टिक बोर्डना मागे पाकोळीच्या शेपटीसारखी खाच होती. पुढे स्की रिसॉर्टनी स्नोबोर्डना प्रवेश दिला, कडक पट्ट्या आल्या, उड्या आल्या आणि बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखे होत गेले. जपानमध्ये निसेकोला तारो तामाई यांनी १९९८ मध्ये गेंटेमस्टिक ही बोर्ड कंपनी सुरू केली आणि जुन्या आकारांना पुन्हा मान मिळवून दिला. आज जवळपास प्रत्येक कंपनीकडे असे बोर्ड मिळतात.

पहिली पायरी: वर कसे जाणार, ते ठरवा

खोल बर्फाचा बोर्ड घ्यायला निघालेले बरेच जण थेट स्प्लिटबोर्डवर जातात. हा बोर्ड लांबीत दोन भागांत सुटतो. चढताना दोन्ही भाग स्कीसारखे वापरायचे, माथ्यावर जोडून खाली यायचं. कल्पना मोहात पाडणारी आहे, पण आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की दहापैकी किती फेऱ्या तुम्ही पायांनी चढून करणार आहात.

सगळ्या फेऱ्या गोंडोलानेच असतील तर साधा, न सुटणारा बोर्ड घ्या. तो हलका असतो, स्वस्त असतो आणि कडक बर्फावर त्याची पकड जास्त एकसंध असते. गोंडोलाच्या वरून धारेवर अर्धा-पाऊण तास चालून बाजूच्या बाउलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट उतारावर, उतरायचं असेल तरी साधा बोर्डच बरा. तो सॅकला बांधा आणि बर्फ खोल असेल तर पायात स्नोशू, म्हणजे बर्फात न रुतणारे रुंद तळाचे जोड, घाला. स्प्लिटबोर्डचं काम त्यापुढे सुरू होतं, जेव्हा अख्ख्या दिवसाची चढाई असते, लिफ्टचा संबंध नसतो आणि एका दिवसात हजार मीटर चढण्याचा बेत असतो.

माझं मत स्पष्ट आहे. भारतातून पहिला पावडर बोर्ड घेणाऱ्याने साधा बोर्ड घ्यावा. स्प्लिट हा दुसरा बोर्ड असावा.

दुसरी पायरी: आधी पाय मोजा, मग उंची

बोर्ड हनुवटीपर्यंत यायला हवा, हा नियम विसरून जा. बोर्डला तुमची उंची कळत नाही. त्याला वजन आणि पावलाची लांबी कळते. यातलं पाऊल आधी घ्या, कारण तिथे चूक झाली तर नंतर दुरुस्ती नाही.

आपण यूके नंबर सांगतो आणि कंपनीच्या मापांच्या चार्टवर बहुतेक वेळा अमेरिकी नंबर असतो. पुरुषांच्या बुटांत यूके ९ म्हणजे साधारण अमेरिकी १०. बायकांचे अमेरिकी नंबर वेगळे चालतात. या गोंधळातून सुटायचं असेल तर मोंडो माप वापरा. ते म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवून, पूर्ण वजन देऊन कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

मोंडो २६-२७ असेल तर बोर्डची कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद जागा, २५० ते २५५ मिलिमीटर पुरते. २८-२९ ला २५८ ते २६५ हवी. त्याहून मोठ्या पावलांना २६५ च्या वर. खोल बर्फाच्या बोर्डमध्ये यापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त रुंदी चालते, उलट तिची मदतच होते. मात्र फार रुंद बोर्ड कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतो आणि लहान पावलाच्या माणसाला तो वळवताना घोट्यातून जोर काढावा लागतो.

शक्य असेल तर ही तपासणी करा. बूट बाइंडिंगमध्ये बसवा, बाइंडिंग बोर्डवर तुमच्या नेहमीच्या कोनात ठेवा, बोर्ड गादीवर उलटा करा आणि कडेच्या बाहेर बूट किती डोकावतो ते बघा. पुढे अंगठ्याकडे आणि मागे टाचेकडे एक ते दोन सेंटिमीटर ठीक आहे आणि दोन्हीकडे ते जवळपास सारखं हवं. नसेल तर बाइंडिंगची तबकडी पुढे-मागे सरकवा. दोन सेंटिमीटरहून जास्त बाहेर आला तर तीव्र उतारावर कड लावताना बूट बर्फाला आधी लागतो आणि कड सुटते. कंबरेचा आकडा वाचून हे कळत नाही, कारण पाय ठेवतो त्या जागी बोर्ड कंबरेपेक्षा जवळपास एक सेंटिमीटर रुंद असतो.

तिसरी पायरी: वजन, आणि सॅकचंही

कंपनीच्या चार्टमध्ये रायडरचं वजन दिलेलं असतं. बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या सीमेबाहेरच्या डोंगरात, तुमच्या पाठीवर फावडं, प्रोब (गाडलेल्या माणसाला चाचपायची लांब काठी), पाणी, जादा जाकीट, खाणं आणि कदाचित एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी पिशवी) असते. हे सगळं सहज सात-आठ किलो भरतं. स्वतःच्या वजनात ते मिळवा आणि मग चार्ट बघा. दोन मापांच्या सीमेवर असाल तर खोल बर्फासाठी मोठं घ्या.

नेहमीच्या घडणीच्या फ्रीराइड बोर्डमध्ये, म्हणजे न दाबलेल्या मोकळ्या उतारांसाठीच्या बोर्डमध्ये, साधारण ५५ ते ६५ किलोच्या व्यक्तीला १५० ते १५५ सेंटिमीटर आणि ७० ते ८० किलोच्या व्यक्तीला १५८ ते १६२ सेंटिमीटर बसतो. हे आकडे चाचपणीसाठी आहेत. शेवटचा शब्द त्या त्या बोर्डच्या चार्टचा.

आता आखूड-रुंद बोर्ड. गेल्या काही वर्षांत त्यांचं बरंच नाव झालंय. लांबी तीन ते सहा सेंटिमीटर कमी करायची आणि कंबर एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद करायची, म्हणजे क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि बोर्ड चपळ होतो. गुलमर्गखालच्या बाबा रेशीच्या बाजूच्या जंगलात, झाडांमधून पटापट वळताना असा बोर्ड खरंच सुख देतो. पण अफरवटच्या वरच्या भागात, वाऱ्याने कडक केलेल्या उतारावर, कडेची लांबी कमी पडते आणि वेगात बोर्ड थरथरतो. एकच बोर्ड असणार असेल तर आखूड-रुंद घेऊ नका. दुसरा असेल तर जरूर घ्या.

चौथी पायरी: आकार आणि वाक

इथे जरा थांबून नीट बघू, कारण पैसे याच गोष्टींचे मोजायचे असतात.

टेपर म्हणजे नोज आणि टेल यांच्या रुंदीतला फरक. टेल म्हणजे मागचं टोक. नोज ३०० मिलिमीटर आणि टेल २८८ असेल तर टेपर १२. शेपूट अरुंद असल्याने ते बर्फात बुडतं आणि नाक आपोआप वर येतं. पाच मिलिमीटर म्हणजे नाममात्र, दहा ते पंधरा म्हणजे स्पष्ट जाणवणारा, वीसच्या वर म्हणजे निव्वळ पावडरसाठी बनवलेला बोर्ड. टेपर वाढत जातो तशी कडक बर्फावर वळणाच्या शेवटी शेपटीची पकड सैल होते आणि उलटं चालवणं अवघड होतं. मागे खाच असलेला स्वॅलोटेल बोर्ड दिसायला देखणा आणि खोल बर्फात अप्रतिम. पण दाबलेल्या कडक पट्ट्यांवर, खडबडीत भागात आणि चुकून मागे टेकलात तर त्या खाचेचा आधार कमी पडतो.

सेटबॅक म्हणजे पाय ठेवण्याची जागा मध्यापासून किती मागे आहे ते. दोन ते चार सेंटिमीटर आधीच मागे असलेला बोर्ड घ्या. वीस-तीस सेंटिमीटर ताज्या बर्फाच्या दिवशी बाइंडिंग आणखी एक भोक मागे घ्यायची सोय असते. ही भोकं नेहमीच्या रचनेत दोन किंवा चार सेंटिमीटरवर असतात. बर्टन कंपनीच्या बोर्डांत भोकांऐवजी खाच असते, त्यात बाइंडिंग हवी तिथे सरकते.

वाक हा सर्वांत जास्त गोंधळाचा विषय. कॅम्बर म्हणजे बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला की मध्ये उचललेला आणि दोन टोकांजवळ टेकलेला. रॉकर म्हणजे याच्या उलट, मध्ये टेकलेला आणि टोकं लवकर वर गेलेली. कॅम्बरला पकड असते, रॉकरला तरंगणं. अख्खा रॉकर घेऊ नका. कडक उतारावर आडवं जाताना त्याची कड मध्येच कुठेतरी टेकते आणि बाकी हवेत राहते. आपल्याला हवा तो पुढे रॉकर, पायांखाली कॅम्बर आणि मागे सपाट किंवा किंचित उचललेला. दुकानात तपासायचं तर बोर्ड सपाट टेबलावर ठेवा आणि नोजच्या बाजूने एक पोस्टकार्ड खाली सरकवा. ते पुढच्या बाइंडिंगच्या साधारण १५-२० सेंटिमीटर अलीकडे अडलं तर पुढचा उचललेला भाग पुरेसा आहे. मग मध्यावर हाताने दाबा. पायांखालचा वाक दबून बोर्ड टेबलाला टेकला पाहिजे आणि सोडल्यावर परत उचलला पाहिजे. वापरलेल्या बोर्डमध्ये हा वाक कधीकधी मेलेला असतो, ते इथेच पकडता येतं.

कडकपणाचे एक ते दहा आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीशी जुळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका. मध्यम ते थोडा कडक, नाक मऊ आणि शेपूट ताठ असा बोर्ड निवडा. ताठ शेपूट उतरताना मागून आधार देतं. साइडकटची, म्हणजे बोर्डच्या कडेला आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या आठ ते नऊ मीटरच्या आसपास असली तर झाडांतही वळतो आणि मोकळ्या बाउलमध्ये लांब वळणंही घेतो.

बेस, म्हणजे बोर्डचा तळ, सिंटर्ड (भुकटी दाबून घडवलेला) घ्या, एक्स्ट्रूडेड (वितळवून काढलेला) नको. सिंटर्ड बेस वॅक्स पितो आणि कोरड्या, थंड बर्फावर धावतो. गुलमर्गच्या मैदानावर शेवटी सपाटीत अडकलात तर बोर्ड काढून गुडघाभर बर्फात चालावं लागतं, तेव्हा धावणाऱ्या बेसची किंमत कळते.

स्प्लिटबोर्ड घ्यायचाच असेल तर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यूटामध्ये ब्रेट कोबर्निक आणि व्हॉयले कंपनी यांनी स्प्लिटबोर्ड बाजारात आणला. आज जोन्स, बर्टन, व्हॉयले असे बरेच पर्याय आहेत. वर सांगितलेलं सगळं इथेही लागू आहे, फक्त चढणीने काही नियम बदलतात.

रुंदी मर्यादेत ठेवा. चढताना अर्धा बोर्ड तुमच्या एका पायाखाली असतो. आडव्या, कडक उतारावर जाताना तो रुंद असेल तर वरच्या कडेवर भार येतो आणि घोटा बाहेर मुरडायला बघतो. साध्या बोर्डमध्ये जी जादा रुंदी चालते, ती स्प्लिटमध्ये त्रास देते.

पायांखाली कॅम्बर असायलाच हवा. चढताना तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, चिकटवलेली असते. तिची पकड तुमच्या वजनाखाली दबलेल्या भागावर अवलंबून असते. रॉकर बोर्डवर स्किनची पुढची-मागची टोकं हवेत राहतात आणि तीव्र चढावर पाय मागे घसरतो.

वजनाकडे लक्ष द्या, पण त्याच्या मागे वेडे होऊ नका. १६० सेंटिमीटरचा स्प्लिट साधारण साडेतीन किलोच्या आसपास असतो आणि बाइंडिंग वेगळी. कार्बनचे फार हलके बोर्ड चढायला सुखाचे असतात, पण खडबडीत बर्फावर ते तुम्हाला हलवून सोडतात. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ असते हे खरं, तरी उतरताना पायांखाली शांत राहणारा बोर्ड शरीराला कमी थकवतो.

बाइंडिंगसाठी स्पार्क, काराकोरम, युनियन या कंपन्यांच्या खास स्प्लिट बाइंडिंग आहेत. नेहमीच्या बाइंडिंगखाली जोडपट्टी लावून काम चालतं, पण वजन आणि उंची दोन्ही वाढतात, म्हणून ती तडजोड टाळा. टाचेखालची उचल देणारी तार असावी. स्प्लिटचे क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतणारे धातूचे दाते, आधीच घेऊन ठेवा. मार्चमध्ये सकाळी कडक झालेल्या उतारावर ते नसतील तर चढाई धोक्याची होते. तीन भागांत दुमडणाऱ्या काठ्या घ्या, उतरताना त्या सॅकमध्ये आत बसतात.

स्किन मोहेरची (अंगोरा बकरीच्या लोकरीची) घ्यायची की नायलॉनची? मोहेर जास्त घसरते, त्यामुळे पाऊल हलकं पडतं. नायलॉन जास्त पकडते आणि जास्त टिकते. दोन्हींचं मिश्रण मिळतं, तेच घ्या. कापताना दोन्ही बाजूंना धातूची कड साधारण दोन मिलिमीटर उघडी राहील अशी कापा. कड झाकली गेली तर आडव्या चढावर ती चावणार नाही.

आता माथ्यावरचा बदल, कारण इथेच अनेकांचा दिवस बिघडतो. धारेवर वारा आहे, हातमोजे काढले तर बोटं मिनिटभरात सुन्न होतात. क्रम असा ठेवा. आधी जाकीट घाला, मग बाकीचं. सपाट जागा तुडवून घ्या. बोर्ड काढा आणि एकेक स्किन सोलून गोंदाला गोंद लावून दुमडा, जाकिटाच्या आत छातीशी ठेवा, म्हणजे गोंद गोठणार नाही. दोन्ही भागांच्या आतल्या कडांवर बर्फाचा पातळ थर बसलेला असतो, तो प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढा. दोन भाग जोडणारे हूक आणि बाइंडिंग सरकते त्या तबकड्यांच्या खाचा साफ करा. मग भाग जोडा. मध्ये फट राहिली तर बर्फ अजून शिल्लक आहे. जोर लावून क्लिप लावू नका, पुन्हा खरवडा. शेवटी बाइंडिंग सरकवा, पिन लागली का ते बोटाने चाचपा आणि बोर्ड उचलून हलवून बघा. हे सगळं घरी दिवाणखान्यात, हातमोजे घालून, न बघता करता येईपर्यंत सराव करा.

बोर्डाच्याही आधी घ्यायच्या गोष्टी

बजेट आखताना ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब आणि फावडं यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात बोर्ड बसवा. हा क्रम उलटा करू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

ट्रान्सीव्हर तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा घ्या. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा, खोल बर्फासाठी ३०० बरा. फावडं धातूचं घ्या. प्लास्टिकचं फावडं हिमस्खलनाच्या घट्ट राशीत तुटतं. आणि ही तीनही साधनं तुमच्यासोबतच्या प्रत्येकाकडे हवीत, कारण तुमच्या अंगावरचा ट्रान्सीव्हर तुम्हाला शोधायला दुसऱ्याच्या हातात लागतो. गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटं मोलाची असतात. एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही.

गुलमर्गला स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं सुरक्षा पथक, गोंडोलाभोवतीच्या मुख्य बाउलमध्ये हिमस्खलनाचा धोका कमी करण्याचं काम करतं. त्या सीमेपलीकडचा डोंगर जसा आहे तसा असतो. खिलनमर्गजवळ फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या १७ जवानांचा हिमस्खलनात मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हापतखुद भागात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर गेला. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि खोल बर्फात बोर्डवर मजा येते तेही याच उतारावर. म्हणून नवा बोर्ड घेऊन पहिल्याच दिवशी सीमेबाहेर जाऊ नका. जायचं तेव्हा स्थानिक गाइडसोबत जा आणि डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं हिमस्खलन-बुलेटिन वाचून जा. एअरबॅग घेणार असाल तर पंख्याची, बॅटरीवर चालणारी बरी. गॅसचं सिलिंडर विमानातून नेताना आधी परवानगीचा व्याप होतो. सॅटेलाइट कम्युनिकेटर, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, मात्र आणू नका. परवानगीशिवाय तो भारतात बाळगणं बेकायदा आहे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा.

कुठून आणि कधी

गुलमर्गला बोर्ड भाड्याने मिळतो. खोल बर्फासाठीचे आकार आणि स्प्लिट मात्र कमी आणि मोठ्या पावलांचे बूट आणखी कमी. पहिल्या वर्षी बोर्ड भाड्याने घ्या, पण बूट स्वतःचे न्या. बूट घट्ट, टाच न उचलणारे आणि स्वतःच्या पायात रुळलेले असले की भाड्याचा साधारण बोर्डही नीट चालतो.

अमेरिकेत किंवा युरोपात नवा पावडर बोर्ड अंदाजे ५०० ते ७०० डॉलरला पडतो. बाइंडिंग आणि स्किनसकट स्प्लिटचा सगळा संच दीड हजार डॉलरच्या पुढे जातो. डेन्व्हरला, सिएटलला किंवा कॅलिफोर्नियात तुमची बहीण, दादा किंवा मित्र असेल तर मार्च-एप्रिलमध्ये त्यांना सांगा. हंगाम संपताना तिकडे मोठी सूट असते आणि ऑफसीझनला घरी येणाऱ्यासोबत बोर्ड आणता येतो.

वापरलेला घेताना बेसवर बोट फिरवा. बेस फाटून आतलं लाकूड दिसेल इतकी खोल खाच असेल तर पाणी शिरलेलं असतं. कडेलगत नख घाला, थर सुटत असेल तर सोडून द्या. भोकांतले आटे मेलेत का ते स्वतः स्क्रू लावून बघा. स्प्लिट असेल तर जोडल्यावर दोन्ही भागांच्या मधून उजेड दिसतो का ते बघा.

चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मिरात सर्वांत थंड. तरी बर्फाची खात्री देता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं आणि बर्फ महिन्याच्या शेवटी आला. पहिली सहल ठरवताना फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा आणि तारखा बदलता येतील अशी तिकिटं काढा.

पहिला दिवस आणि बाकीचे दहा महिने

नवा बोर्ड पहिल्या दिवशी गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीच्या खालच्या उतारावर चालवा. पुढचा पाय १८ ते २१ अंश आणि मागचा शून्य ते सहा अंश पुढे वळवून सुरुवात करा. मागची मांडी लवकर भरून आली तर दोन्ही बाइंडिंग एक भोक मागे घ्या. कडक भागावर शेपूट घसरत असेल तर एक भोक पुढे. छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात असू द्या आणि दोन-तीन फेऱ्यांत हे जमवून टाका. जंगलात जाताना झाडांच्या बुंध्यापासून लांब राहा. फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो. त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस बोर्डसकट स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून जोडीदार कायम नजरेत ठेवा.

घरी आल्यावर बोर्ड तसाच पिशवीत ठेवलात तर जुलैत कडा तांबड्या झालेल्या दिसतील. मुंबईत आणि कोकणात तर हमखास. आधी कडा कोरड्या पुसा, गंज असेल तर गंज काढायच्या रबराने घासा. मग बेसवर जाड वॅक्स वितळवून पसरा, कडाही त्यात झाकल्या जाऊ द्या आणि ते न खरवडता तसंच राहू द्या. बाइंडिंग काढून ठेवा. बोर्ड गॅलरीत किंवा माळ्यावर नको, पलंगाखाली आडवा ठेवा. स्किन जाळीवर चिकटवून, दुमडून, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा. नागपूर-पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर गोंद वितळून जाळीला कायमचा चिकटतो. ट्रान्सीव्हरमधले सेल काढा, नाहीतर ते पावसाळ्यात गळतात आणि यंत्र निकामी करतात. डिसेंबरात वॅक्स खरवडून काढा, नवे सेल घाला आणि घराबाहेर मोकळ्या मैदानात जोडीदारासोबत ट्रान्सीव्हर लपवून शोधायचा सराव करा.